हवाई अंतर

गेल्या वैशाखात, हंगाम संपून महिना उलटला असताना, एका दुपारी माझ्या भाच्याचा चाकणहून फोन आला. तो वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत उत्पादन व्यवस्थापक आहे, वय अडतीस, हाताखाली साठेक माणसे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "मामा, आपल्या भागात माझ्यासारख्याला काही आहे का?" दाजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, ताई एकटीने त्यांना उठवते-बसवते, आणि दर शनिवारी पुण्याहून कडेगावकडे धावत सुटायचे त्याच्याने आता होत नव्हते, हे मला ठाऊक होते. त्यामुळे प्रश्नाचे नवल वाटले नाही. माझे लक्ष अडकले ते ‘माझ्यासारख्याला’ या शब्दात. नोकरी आहे का असे त्याने विचारले नव्हते. पंधरा वर्षांत तो जो कोणी झाला होता, त्याला गावाकडे जागा आहे का, असे त्याला विचारायचे होते.

मी "बघतो" म्हणालो. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ होकारही नसतो आणि नकारही नसतो, त्यामुळे तो वेळ काढायला फार उपयोगी पडतो. पण त्याला खरे उत्तर द्यायचे तर आधी मलाच काही गोष्टी नीट मांडून पाहणे भाग होते. मी साखर कारखान्यांत एकतीस वर्षे काढली आहेत. ट्रेनी इंजिनिअर म्हणून सुरुवात केली, पाच कारखाने आणि तीन जिल्हे पाहिले, आणि गेली काही वर्षे कृष्णाकाठच्या एका कारखान्यात चीफ इंजिनिअर आहे. गावाकडे राहून अभियंता-व्यवस्थापक होता येते याचा मी जिवंत पुरावा आहे, असे आमच्या नातेवाइकांना वाटते. मला स्वतःला तो पुरावा तितकासा भक्कम वाटत नाही.

आमच्याकडे नव्या कारखान्याला परवानगी देताना दोन कारखान्यांमधले हवाई अंतर मोजतात. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली ही तरतूद आली तेव्हा अट १५ किलोमीटरची होती. महाराष्ट्राने २०११ मध्ये ती २५ किलोमीटर केली. प्रत्येक कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा आणि उसाची पळवापळवी थांबावी, हा त्यामागचा हेतू. या अटीवर राजकारणी, शेतकरी संघटना आणि अर्थतज्ज्ञ भरपूर बोलले आहेत. मी तिच्याकडे नोकरीच्या अंगाने पाहतो, कारण नोकरीचा नकाशाही याच कंपासाने काढलेला आहे. पंचवीस किलोमीटर अंतर राखून कारखाने जितके दाट बसवता येतील तितके, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे बसवले, तर एकेकाच्या वाट्याला सुमारे ५४० चौरस किलोमीटर येतात. कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे चौदा कारखाने बसतात, आणि तेही पश्चिमेच्या सह्याद्रीतल्या जंगलातसुद्धा ऊस पिकतो असे धरले तर. प्रत्यक्षात त्या जिल्ह्यात वीसहून अधिक कारखाने आहेत, कारण त्यातले बरेचसे या अटीच्या आधीचे आहेत. नवा कारखाना काढायला, आणि पर्यायाने चीफ इंजिनिअरची नवी खुर्ची मांडायला, नकाशावर जागाच उरलेली नाही.

साऱ्या राज्यात हंगामात सुमारे दोनशे कारखाने चालतात, साधारण निम्मे सहकारी आणि निम्मे खासगी. म्हणजे सुमारे दोनशे चीफ इंजिनिअर. त्यांच्या खाली डेप्युटी, त्यांच्या खाली पाळीपाळीने येणारे असिस्टंट, शिवाय जिथे सहवीजनिर्मिती किंवा डिस्टिलरी आहे तिथे त्यांचे वेगळे प्रमुख. आकडा लहान नाही, पण तो सोलापूरपासून नांदेडपर्यंत पसरलेला आहे, आणि माझ्या भाच्याला हवी असलेली खुर्ची कडेगावच्या घरातून रोज जाऊन-येऊन करता येईल अशा तीन-चार कारखान्यांतलीच असणार. शहरात माणूस वरच्या पदावर जातो तो बहुधा रस्ता ओलांडून शेजारच्या कंपनीत जाऊन. इथे प्रत्येक बढती म्हणजे बदली असते. डेप्युटीचा चीफ व्हायचे तर आपल्या चीफच्या निवृत्तीची वाट पाहायची, नाहीतर पंचवीस किलोमीटर दूरचे, बहुतेकदा दोनशे किलोमीटर दूरचे गाव गाठायचे. मी असिस्टंटचा डेप्युटी झालो तो मराठवाड्यात आणि डेप्युटीचा चीफ झालो तो सोलापूर जिल्ह्यात. गावाकडे राहायचे म्हणून हा धंदा धरला आणि स्वतःच्या गावात येऊन स्थिरावेपर्यंत वयाची अठ्ठेचाळीस वर्षे उलटली. आमच्या खानापूर-विटा भागाला परागंदा होण्याची सवय जुनी आहे. इथले गलाई बांधव सोने-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगले. मी फक्त धंदा बदलला, इतकेच.

ही खेड्यातली खुर्ची मुळात आली कुठून, हेही कधीकधी मनात येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा लोखंड ओतणाऱ्या माणसाला खेड्यात काम मिळू शकते हे आमच्या भागाने प्रथम पाहिले. पुढे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची ती जिद्द होती, आणि मग एकेका नदीखोऱ्यात धुराडी उभी राहिली. प्रत्येक धुराड्याखाली बॉयलर होता आणि प्रत्येक बॉयलरला एक जाणकार माणूस लागत होता. त्या काळी असा माणूस मिळत नसे. त्याला क्वार्टर, जीप आणि आर्जवे करून आणावे लागे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि उसाच्या पट्ट्यात, अनेक ठिकाणी कारखान्याच्या हाकेच्या अंतरावर, महाविद्यालये उभी राहिली. माझा भाचा तशाच एका महाविद्यालयातून बाहेर पडला. शेतकऱ्यांची मुले अभियंते झाली, हे फार मोठे काम झाले यात शंका नाही. मात्र खुर्च्या अंतराच्या अटीने मोजून ठेवलेल्या आणि पदव्यांना कसलीच अट नाही, या दोन गोष्टी कोणी एकत्र मांडून पाहिल्या नाहीत.

जागा निघते तेव्हा ती क्वचितच जाहिरातीतून निघते. कायद्याच्या पूर्ततेसाठी वर्तमानपत्रात ‘पाहिजेत’ येते खरे, पण तोवर बोलणी बरीच पुढे गेलेली असतात. हंगाम संपला की एप्रिलपासून फोन सुरू होतात. कोण सोडतोय, कोणाचे संचालकांशी बिनसले, कोणाच्या मिलने या वर्षी दगा दिला, याची बातमी मशिनरी पुरवणाऱ्यांच्या विक्री प्रतिनिधींकडून आणि रोलर दुरुस्तीच्या कार्यशाळांतून फिरते. जूनपर्यंत माणसे इकडची तिकडे झालेली असतात, कारण त्यानंतर जो येईल त्याला दुसऱ्याने उघडून ठेवलेली मिल जोडावी लागते, आणि ते संकट शहाणा माणूस अंगावर घेत नाही. भाच्याने वैशाखात फोन केला हे योगायोगाने बरोबर होते.

माझी पहिली डेप्युटीची मुलाखत मला अजून आठवते. मी रात्रभर जागून वाफेची कोष्टके पाहून गेलो होतो. समोर अकरा संचालक बसले होते. पहिला प्रश्न आला, "कुठले तुम्ही?" मी गाव सांगितले. दुसरा प्रश्न, "तिथले कुणाचे?" मी वडिलांचे नाव सांगितले. मग एकाने माझ्या चुलत्यांच्या विहिरीची चौकशी केली, दुसऱ्याने आमच्या भागात पाऊस किती झाला ते विचारले, चहा आला आणि मुलाखत संपली. तेव्हा मला ते अपमानकारक वाटले होते. आज वाटते की त्यांच्यापुरते ते प्रश्न योग्यच होते. वाफेची कोष्टके कळणारे आणखी चौघे बाहेर बसले होते. हा माणूस डिसेंबरात, ऐन रात्री, पट्टा तुटल्यावर पळून जाईल की उभा राहील, हे त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ गाव आणि घर एवढेच मोजमाप होते. त्या मोजमापाने अनेक चांगली माणसे नाकारली गेली, बाहेरची होती म्हणून किंवा चुकीच्या घरातली होती म्हणून, हेही तितकेच खरे आहे. खासगी कारखान्यांत हा प्रकार कमी झाला आहे. तिथे दुसरे प्रश्न विचारतात आणि बॅगास, म्हणजे रस काढून उरलेला आणि बॉयलरमध्ये जळणारा उसाचा चोथा, किती वाचवून दाखवाल हा त्यातला पहिला असतो.

भाच्याला जे येते ते इथे किती चालेल, याचा विचार मी बरेच दिवस केला. तो ज्या कारखान्यात काम करतो तिथे एकच तुकडा दिवसातून हजारो वेळा बनतो आणि हजारावा तुकडा पहिल्यासारखाच असावा यासाठी सगळी बुद्धी खर्च होते. आमच्याकडे गव्हाणीत पडणारी कोणतीही मोळी आधीच्या मोळीसारखी नसते. एका शेतातला आडसाली ऊस, दुसऱ्यातला खोडवा. एकाला पाला तसाच राहिलेला, दुसऱ्याला अवकाळी पावसाचा चिखल. यंत्राने तोडलेल्या उसात माती वेगळी आणि हाताने तोडलेल्यात वेगळी. कटर, फायबरायझर, मिलचे रोलर आणि बॉयलरची शेगडी हे सगळे दर तासाला नव्या परिस्थितीला तोंड देत असतात. मात्र त्याहून मोठा फरक वेळेचा आहे. चाकणमध्ये आज केलेल्या दुरुस्तीचा निकाल उद्या मिळतो. आम्ही एप्रिलमध्ये मिल उघडतो, रोलर उतरवतो, घासलेल्या खाचा पुन्हा पाडून घेतो, ब्रास बदलतो, बॉयलरच्या नळ्या तपासतो, पंप खोलतो, आणि सहा-सात महिने केलेल्या या हजार कामांपैकी कोणते फसले आहे ते पहिली मोळी पडेपर्यंत कळत नाही. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, फुलांच्या माळा लागतात, नारळ फुटतो, भाषणे होतात, आणि त्या गर्दीत चीफ इंजिनिअर एकटाच असा असतो की ज्याच्या पोटात त्या क्षणी पाणी होत असते. सगळ्या वर्षाची परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यात होते, आणि तिला पुरवणी परीक्षा नसते.

दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना तासाला दोनशे टनांहून अधिक ऊस खातो. मिल एक तास थांबली तर तेवढा ऊस अंगणात वाळत पडतो, त्यातली साखर उतरते, वाहनांची रांग फाट्यापर्यंत जाते आणि रांगेतला प्रत्येक ट्रॅक्टरवाला चीफ इंजिनिअरला नावाने ओळखत असतो. रात्री मिलचा आवाज थांबला की फोन येण्याआधी माझी पत्नी उठून बसते आणि "बंद पडलंय" म्हणते. भाच्याने घेतलेली थांबलेल्या वेळेच्या विश्लेषणाची, कायझेनची, सुट्या भागांच्या नियोजनाची सगळी प्रशिक्षणे इथे उपयोगी आहेत, किंबहुना त्यांचीच आमच्याकडे मोठी वानवा आहे. आमच्या अनेक कारखान्यांत यंत्राचा इतिहास वहीत नसून एखाद्या फोरमनच्या डोक्यात असतो आणि तो निवृत्त झाला की यंत्र पोरके होते. कंपनाचे मापन करून बेअरिंग कधी जाणार ते आधी ओळखणारा माणूस आमच्या भागात हवा आहे. मात्र त्याला साठ माणसांवर देखरेख करण्याची जी सवय आहे, ती इथे अपुरी पडेल. इथे व्यवस्थापकाला स्वतः मिलखाली सरपटत जाऊन पाहावे लागते, आणि त्याने पाहिले नाही तर फिटर त्याचे ऐकत नाही. फिटरचे चूक आहे असे मी म्हणणार नाही.

उद्या कोणत्या अभियंत्याला मागणी असेल असे मला कोणी विचारले तर मी वाफेकडे बोट दाखवतो. उसाच्या वजनाच्या ५० टक्के किंवा त्याहून अधिक वाफ वापरणारे जुने कारखाने अजून आहेत आणि ४० टक्क्यांच्या खाली उतरलेलेही आहेत. ५,००० टनी कारखान्यात वाफ एका टक्क्याने कमी झाली तर दिवसाला ५० टन वाफ वाचते, म्हणजे वीस-बावीस टन बॅगास. हंगाम १२० दिवस चालला तर हे अडीच हजार टनांच्या आसपास जाते. तेवढे बॅगास विकता येते, त्याची वीज करता येते किंवा हंगामानंतर डिस्टिलरी चालवता येते. असा एक टक्का कागदावर दाखवणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्ष उतरवून दाखवणारा माणूस मात्र ज्या खुर्चीत बसेल तिथे त्याला गाव आणि घर कोणी विचारत नाही. जुने २१ आणि ३२ किलो दाबाचे बॉयलर जाऊन ८७ आणि ११० किलोंचे आले, टर्बाइनने फिरणाऱ्या मिलना विजेच्या मोटारी लागल्या, नियंत्रण कक्षात पडदे आले. लोखंड जाणणाऱ्या अभियंत्याइतकीच आता वीज आणि नियंत्रणप्रणाली जाणणाऱ्याची गरज आहे, आणि तो शहरातून परत यायला सहसा तयार नसतो. भाच्यासाठी दार असेल तर ते इथे आहे.

तो दार ठोठावेल तेव्हा त्याच्या हातात एक कागद मात्र लागेल. मोठ्या बॉयलरवर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘बीओई’, असावा लागतो. त्याची परीक्षा आहे आणि परीक्षेआधी बॉयलरवरच्या प्रत्यक्ष अनुभवाची अट आहे. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, तरी बॉयलर सक्षम माणसाच्याच हाती असावा हे सूत्र बदललेले नाही. ज्याच्याकडे हे प्रमाणपत्र आहे त्याला आमच्या भागात काम नाही असे मी तीस वर्षांत पाहिलेले नाही. पण ते मिळवायचे तर अडतिसाव्या वर्षी, साठ माणसांचा साहेब असलेल्या माझ्या भाच्याला, काही काळ बॉयलरच्या पाळीवर असिस्टंट म्हणून उभे राहावे लागेल. हे त्याला फोनवर कसे सांगावे, ते मला सुचत नव्हते.

आणि पगार. हा विषय टाळून गावाकडच्या नोकरीवर लिहिणारे लोक मला आवडत नाहीत, म्हणून लिहितो. मी पूर्वी ज्या एका कारखान्यात होतो तिथे अकरा महिने पगार झाला नव्हता. कारखाना चालू होता, ऊस येत होता, साखर पोत्यांत भरली जात होती आणि आम्ही कॉलनीतल्या दुकानात वहीवर किराणा घेत होतो. दुकानदार भला होता. त्याने कधी तोंड वाकडे केले नाही, पण मुलांना त्याने चॉकलेट फुकट दिले की मला ते फार लागत असे. व्यवस्थापनाला मी दुष्ट म्हणणार नाही. पैशाचा क्रम ठरलेला असतो. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, चौदा दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याजासह. मग बँकेचे हप्ते. मग यंत्रांची देणी. आणि जे उरेल त्यातून पगार. २०१८-१९ च्या हंगामात एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ती ३५५ रुपये झाली. या काळात साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरवलेल्या किलोला ३१ रुपयांवरच राहिला. बाजारात साखर त्याहून वर विकली जाते हे खरे, पण हिशोब ताणलेला आहे, आणि तो पहिल्यांदा तुटतो तो दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात आणि कर्मचाऱ्यांच्या पगारात. अंदाजपत्रक कापले की पुढच्या हंगामात मिल थांबते, आणि मिल थांबली की पगार आणखी लांबतो. मी हे चक्र आतून पाहिले आहे. शेतकऱ्याचे पैसे आधी द्यावेत या नियमाविरुद्ध मात्र माझी तक्रार नाही. माझा भाऊही त्याच रांगेत उभा असतो.

इथेनॉलने मध्यंतरी वारे फिरवले होते. बी-हेवी मळी, म्हणजे थोडी साखर तशीच राहू दिलेली मळी, आणि थेट रस यांपासून इथेनॉल करायला २०१८ नंतर चांगले दर मिळू लागले, तेव्हा डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, विस्तारल्या, आणि नोकऱ्यांचे फोन एप्रिलची वाट न पाहता बारा महिने येऊ लागले. मग कमी पावसाच्या वर्षी, ७ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे ऐन हंगामात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात ती काहीशी सैल केली आणि पुढच्या वर्षी उठवलीही, पण तोवर अनेकांनी विस्ताराचे नकाशे गुंडाळून ठेवले होते. माझ्या ओळखीचा एक जण पुण्यातली नोकरी सोडून डिस्टिलरीच्या प्रकल्पावर आला होता. प्रकल्प थांबला आणि तो अर्धवट बांधलेल्या टाकीच्या सावलीत बसून रोज हजेरी लावत राहिला. पुढे २०२४-२५ च्या हंगामात उसाचीच टंचाई पडली आणि कित्येक धुराडी तीन महिन्यांच्या आत विझली. म्हणून मी भाच्याला असे म्हणणार होतो की गावाकडची नोकरी स्थिर असते हा समज मनातून काढून टाक. ती पावसावर, दिल्लीच्या परिपत्रकावर आणि शेजारच्या कारखान्याने जाहीर केलेल्या दरावर हलत असते.

साखरेखेरीज काय आहे, तर थोडे थोडे सगळे आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांची पंपगृहे आहेत, पण देखभाल बहुधा ठेकेदारामार्फत, आणि ठेकेदार बदलला की साहेबही बदलतो. ढालगावच्या आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत, तिथे एका माणसाकडे कित्येक यंत्रे असतात. सूतगिरण्यांबद्दल बोलावेसे वाटत नाही. दूध संघांत रेफ्रिजरेशन जाणणाऱ्याला बरे दिवस आहेत. किर्लोस्करवाडी, पलूस आणि कडेगावच्या औद्योगिक वसाहतींत कामे आहेत, पण व्यवस्थापकाच्या जागा मोजक्या आणि मालकाच्या घरातल्यांनी भरलेल्या. ज्यांना हे काही जमले नाही त्यांतले बरेच जण आफ्रिकेत गेले. युगांडा, केनिया, इथिओपिया इथल्या साखर कारखान्यांत मराठी चीफ इंजिनिअर हा नवलाचा विषय राहिलेला नाही. भारताने कर्ज दिलेल्या इथिओपियातल्या कारखान्यांच्या उभारणीवर माझे दोन सहकारी होते. त्यातला एक दरवर्षी गणपतीला येतो आणि गावातच नोकरी मिळाली असती तर बरे झाले असते असे म्हणून परत जातो.

आषाढात भाचा दोन दिवसांची रजा काढून आला. मी त्याला भाषण दिले नाही. सकाळी थेट मिल हाउसमध्ये नेले. रोलर उतरवून ओळीने ठेवले होते, छपरावर पाऊस वाजत होता, आणि आमचा जुना मिल फिटर ब्रास आणि जर्नल, म्हणजे बेअरिंग आणि त्यात फिरणारा रोलरचा आस, यांच्यातली फट तपासत होता. भाच्याने चांगला शर्ट घातला होता. त्याने क्षणभर इकडे तिकडे पाहिले, बाह्या दुमडल्या आणि फट मोजायचा फिलर गेज मागून घेतला. पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता आणि एका बाजूची झीज जास्त आहे, रोलर तिरपा बसत असावा, असे म्हणाला. ते बरोबर होते. फिटरने त्याच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "पाव्हणं कुठलं?"

"चाकण," भाचा म्हणाला.

"ते कामाचं झालं. गाव कुठलं?"

भाच्याने गाव सांगितले. मग वडिलांचे नाव विचारले गेले, मग टेंभूचे पाणी तुमच्या शिवारात आले का, आले तर कोणत्या पोटपाटाने, आणि तिथे आता डाळिंब मोडून ऊस लावतात हे खरे का. मी गेटपासच्या सह्या करून परत येईपर्यंत दोघांचे बोलणे चालूच होते. दुसऱ्या दिवशी तो नियंत्रण कक्षात बराच वेळ बसला, वाफेच्या गेल्या हंगामाच्या नोंदी मागून घेतल्या आणि दोन ठिकाणी मापकयंत्रेच बंद असल्याचे दाखवून दिले, जे मला ठाऊक होते आणि ज्यासाठी दोन वर्षे अंदाजपत्रकात पैसे बसत नव्हते.

त्याला पुण्याच्या गाडीत बसवायला मी कराडपर्यंत निघालो. त्याची पत्नी घरून काम करू शकते का, मुलीची शाळा कुठे, दाजींना फिजिओथेरपीसाठी कुठे नेता येईल, हे सगळे रस्त्यात बोलून झाले. बीओईच्या परीक्षेची चौकशीही त्याने आधीच करून ठेवली होती. पाळीवर उभे राहण्याची गोष्ट मला सांगावीच लागली नाही. मग काचेबाहेरच्या उसाकडे पाहत त्याने पगाराचा विषय काढला. मी आकडा सांगितला, वर-खाली काही न करता, आणि तो कधीकधी वेळेवर होत नाही हेही सांगितले. तो आकडा त्याच्या आताच्या पगाराच्या निम्म्याहून थोडा कमी होता. कराड येईपर्यंत तो काही बोलला नाही.